थारा देणे कुणाचे काम?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांनी उमेदीची सारी वर्षे पालावरच्या मुलांच्या शाळेसाठी घालवली. त्यामुळे विषय तुम्हीच निवडा असे संयोजकांनी सांगितले, तेव्हा मला फार विचार करावा लागला नाही. मी इंग्लंडमधल्या एका कौन्सिलच्या गृहनिर्माण खात्यात नोकरी केली. कौन्सिल ही साधारण आपल्याकडच्या नगरपालिकेसारखी संस्था. घरबांधणीची परवानगी, कचरा, गरिबांची घरे ही सगळी कामे तिच्याकडे. माझ्या टेबलावर जिप्सी आणि ट्रॅव्हलर कुटुंबांच्या जागांचे काम असे. आज त्याच कामाबद्दल बोलणार आहे.

प्रश्न सांगायला सोपा आहे. इंग्लंडसारख्या श्रीमंत, कायद्याची चाड असलेल्या देशात काही हजार कुटुंबांना आपली राहती गाडी उभी करायला हक्काची जागा नाही. रस्त्याकडेला थांबले तर पोलीस उठवतात, मैदानात थांबले तर कौन्सिल उठवते, स्वतःची जमीन घेऊन तिच्यावर थांबले तर नगररचना खाते उठवते. मग त्यांनी थांबायचे कुठे? हे ठरवण्याची जबाबदारी एकेकाळी कायद्याने कौन्सिलांवर टाकली होती आणि नंतर ती काढून घेतली. माझ्या मते आजच्या बहुतेक भांडणांचे मूळ त्या काढून घेण्यात आहे.

ही माणसे कोण, हे आधी थोडक्यात सांगतो. २०२१च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ६७,८०० लोकांनी स्वतःची नोंद ‘जिप्सी किंवा आयरिश ट्रॅव्हलर’ अशी केली. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून नोंद टाळणारेही बरेच असतात. यात दोन मोठे समाज आहेत. रोमानी जिप्सींचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी आपल्याच उपखंडातून पश्चिमेकडे निघाले आणि सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पोचले. १९७१ साली लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक रोमानी परिषदेने स्वीकारलेल्या झेंड्यावर चक्र आहे, ते या नात्याची आठवण म्हणून. आयरिश ट्रॅव्हलर मात्र मूळचे आयर्लंडचेच; त्यांचा भारताशी संबंध नाही. त्यांची बोली, नातीगोती, लग्नाच्या रीती निराळ्या. दोन्ही समाजांना न्यायालयांनी वांशिक गट म्हणून मान्यता दिली आहे: जिप्सींना १९८८ साली आणि आयरिश ट्रॅव्हलरांना २००० साली. जिप्सींच्या खटल्याचे कारण ठरली लंडनच्या एका दारूच्या गुत्त्यावरची पाटी. ‘ट्रॅव्हलरांना प्रवेश नाही’ असे तिच्यावर लिहिलेले होते.

जिप्सींविरुद्ध कायदे करण्याची परंपरा मात्र फार जुनी. आठव्या हेन्रीच्या काळात, १५३० साली, त्यांना देशाबाहेर काढण्याचा कायदा झाला. १५५४ साली देश सोडून न जाणाऱ्याला देहदंड ठरला. हे कायदे पुढे दीर्घकाळ पुस्तकात राहिले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत या समाजाचे वर्षाचे एक चक्र ठरलेले होते. केंट परगण्यात बिअरसाठी लागणाऱ्या हॉप्सची काढणी, मग सफरचंदे, मग बटाटे. हिवाळ्यात एखाद्या ओळखीच्या शेतकऱ्याच्या माळावर मुक्काम. शेतकऱ्याला मजूर हवे असत, मजुरांना माळ हवा असे. पुढे शेतात यंत्रे आली आणि मजुरांची गरज ओसरली. तेवढ्यात १९६० साली कॅरव्हॅन साइटसंबंधीचा, म्हणजे राहत्या गाड्यांच्या जागांसंबंधीचा, कायदा आला. आपल्या जमिनीवर कुणाला गाडी उभी करू द्यायची तर शेतकऱ्याला परवाना घेणे भाग पडले. खटला कोण ओढवून घेणार? शेतकऱ्यांनी हात वर केले. त्याच कायद्याने कौन्सिलांना दोन अधिकार दिले: गावची सार्वजनिक माळराने गाड्यांना बंद करण्याचा आणि या लोकांसाठी साइट बांधण्याचा. पहिला अधिकार कौन्सिलांनी उत्साहाने वापरला, दुसऱ्याला क्वचितच हात लावला. नुसता अधिकार दिला की काय होते, हे इथे दिसते.

परिणाम दोनच वर्षांत दिसला. जानेवारी १९६२मध्ये केंटमधल्या डॅरेंथ वुड या रानातून शेकडो जिप्सींना बाहेर काढले गेले. त्यांना जायला जागा नव्हती, म्हणून ते ए-२ या हमरस्त्याच्या कडेच्या गवतावर गाड्या लावून राहिले. थंडीचे दिवस होते, कडेवर मुले होती आणि शेजारून लंडनची सगळी वाहतूक जात होती. मजूर पक्षाचे खासदार नॉर्मन डॉड्स यांनी त्यांचा प्रश्न संसदेत लावून धरला. त्यांनी जन्मभर पाठपुरावा केला, पण कायदा पाहायला ते राहिले नाहीत; १९६५ साली वारले. पुढच्याच वर्षी जिप्सींनी स्वतःची संघटना, जिप्सी कौन्सिल, उभी केली आणि उठवायला आलेल्या ट्रॅक्टरांपुढे माणसे उभी राहू लागली.

कायदा आणला तो ऑर्पिंग्टनचे उदारमतवादी खासदार एरिक लुबक यांनी. ते पुढे लॉर्ड एव्हबरी झाले आणि अखेरपर्यंत या समाजासाठी उभे राहिले. ते सत्ताधारी पक्षाचे नव्हते. खासगी विधेयक म्हणून त्यांनी तो मांडला. १९६८चा हा कॅरव्हॅन साइट कायदा १९७० पासून अमलात आला. आपल्या हद्दीत राहणाऱ्या किंवा नेमाने येणाऱ्या जिप्सींसाठी पुरेशी जागा उपलब्ध करून देणे हे कौन्सिलांचे कर्तव्य आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. ‘देता येईल’ च्या जागी ‘दिलीच पाहिजे’ आले. एवढ्या एका बदलाने काय फरक पडतो ते पाहा: १९९४ पर्यंत इंग्लंडमध्ये तीनशेहून अधिक सरकारी साइट उभ्या राहिल्या. त्याआधी त्या जवळजवळ नव्हत्याच.

कायदा निर्दोष होता असे मी म्हणणार नाही. लंडनच्या प्रत्येक बरोला, म्हणजे विभागीय कौन्सिलला, फक्त पंधरा गाड्यांची सोय केली की कर्तव्यातून मोकळीक होती. शिवाय एखाद्या कौन्सिलने पुरेशी सोय केली असे सरकारने जाहीर केले, की त्या हद्दीत इतरत्र गाडी उभी करणे हा गुन्हा ठरे. म्हणजे मोजक्यांना जागा आणि बाकीच्यांना हद्दपारी. मुदतही घातली नव्हती, त्यामुळे कौन्सिलांनी वर्षानुवर्षे चालढकल केली. शेवटी १९७७ साली सर जॉन क्रिप्स यांनी सरकारला अहवाल दिला आणि १९८० पासून साइट बांधायचा सगळा खर्च केंद्र सरकार देऊ लागले. त्यानंतर काम हलले. कर्तव्य आणि पैसा दोन्ही एकत्र आले तेव्हाच जमीन सापडू लागली. त्याआधी जमीन नसते असे सांगितले जाई.

साइट म्हणजे काय, हे इथे बसलेल्यांना डोळ्यांपुढे यावे म्हणून जरा सविस्तर सांगतो. दहा-पंधरा ‘पिच’ असतात. एकेक पिच म्हणजे एका कुटुंबाचे सिमेंटचे अंगण. त्यावर एक मोठी राहती गाडी, एक प्रवासाची छोटी गाडी आणि व्हॅन उभी राहते. अंगणाच्या कडेला विटांची एक लहान इमारत असते. तिच्यात स्वयंपाकाचा ओटा, न्हाणीघर, संडास, कपडे धुण्याचे यंत्र. कुटुंब आठवड्याचे भाडे कौन्सिलला देते, विजेचे पैसे वेगळे भरते. हे सांगणे आवश्यक आहे, कारण साइटवरचे लोक फुकट राहतात असा समज इंग्लंडात सार्वत्रिक आहे. ते भाडे भरतात, घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्सही भरतात.

ती विटांची इमारत वेगळी का, असे मी नोकरीच्या सुरुवातीला एका आजीबाईंना विचारले होते. गाडीतच संडास असतो की, मग वापरत का नाही? त्यांनी मला शांतपणे समजावले. ज्या छपराखाली आपण जेवतो, झोपतो त्याच छपराखाली ते विधी करायचे नाहीत. हात धुण्याचे भांडे वेगळे, भांडी घासण्याचे वेगळे, कपड्यांचे वेगळे. एकात दुसरे मिसळले की ते विटाळले. माझ्या आजीच्या घरी मोरी आणि संडास यांचे जे सोवळे होते ते मला आठवले, आणि बाईंचे म्हणणे मला एका वाक्यात कळले. खात्यातल्या माझ्या इंग्रज सहकाऱ्यांना ते पटायला वेळ लागला. साइटचा आराखडा काढणाऱ्याने आधी तिथे राहणाऱ्याला विचारावे, ही साधी गोष्ट आहे. २००८ साली सरकारने साइटच्या रचनेबद्दल एक चांगली मार्गदर्शिका काढली होती, तिच्यात या गोष्टींचा विचार होता. नंतरच्या सरकारने ती मागे घेतली.

आणि या साइट बांधल्या कुठे? जिथे दुसरे कुणी राहायला तयार नव्हते तिथे. महामार्गाच्या कडेला, रेल्वेमार्गालगत, कचरा डेपोच्या शेजारी, सांडपाणी केंद्राच्या वाऱ्यावर. बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या पॅट नाइनर यांनी २००३ साली सरकारी साइटांची जी पाहणी केली तिच्यात हेच चित्र आले. पश्चिम लंडनमधली स्टेबल वे ही साइट तर वेस्टवे या उंच मोटाररस्त्याच्या खाली आहे. डोक्यावरून रात्रंदिवस गाड्या जातात आणि खाली मुले खेळतात. शेफील्ड विद्यापीठाने २००४ साली या समाजाच्या आरोग्याचा अभ्यास केला. तितक्याच गरीब असलेल्या इतर इंग्रजांपेक्षाही यांची प्रकृती वाईट असल्याचे त्यात दिसले. दमा, छातीचे विकार आणि मनाची काळजी ही दुखणी तर फारच. जागेचा आणि या दुखण्यांचा संबंध शोधायला फार लांब जावे लागत नाही.

तरीही साइट होत्या. पत्ता होता, त्यामुळे डॉक्टरकडे नाव लागत होते, मुले एकाच शाळेत वर्षभर जात होती. फिरस्त्या मुलांसाठी कौन्सिलांनी खास शिक्षक नेमले होते. ते गाडीपर्यंत जाऊन मुलांना शिकवत.

१९९४ साली हे कर्तव्य रद्द झाले. निमित्त भलतेच होते. मे १९९२मध्ये वूस्टरशरच्या कॅसलमॉर्टन माळावर हजारो तरुणांचा नाचगाण्याचा मोठा मेळा भरला आणि वृत्तपत्रांनी गदारोळ केला. त्या तरुणांचा जिप्सींशी काही संबंध नव्हता. पण त्यानंतर आलेल्या फौजदारी न्याय आणि सार्वजनिक सुव्यवस्था कायद्याने गाड्या हुसकावण्याचे अधिकार वाढवले आणि त्याच फटक्यात साइट देण्याचे कर्तव्यही काढून टाकले. अनुदानही थांबले. सरकारने परिपत्रक काढून जिप्सींना सांगितले: तुम्हीच जमीन विकत घ्या आणि नगररचनेची परवानगी मागा.

अनेक कुटुंबांनी तसेच केले. आयुष्यभराची पुंजी लावून एखादा पडीक तुकडा घेतला आणि परवानगीचा अर्ज केला. त्या काळात दहापैकी नऊ अर्ज पहिल्या फेरीत फेटाळले जात, आणि इतर इंग्रजांचे दहापैकी आठ अर्ज मंजूर होत. कारण बहुधा हेच दिले जाई की ती जमीन हरित पट्ट्यात आहे. शहराभोवतीची मोकळी जमीन राखून ठेवण्याचे धोरण चांगलेच आहे, मी त्याच्या बाजूचा आहे. पण शहरात जमिनीचा भाव यांना परवडत नाही, साइटसाठी जमीन राखून ठेवायची नाही आणि बाहेर हरित पट्टा. तिन्ही दारे बंद केली की माणसाला कायदा मोडण्यावाचून पर्याय राहत नाही. मग आपणच त्याला कायदा मोडणारा म्हणतो.

युरोपीय मानवाधिकार न्यायालयापुढे हे प्रश्न गेले. २००१च्या चॅपमन खटल्यात स्वतःच्या जमिनीवर राहणाऱ्या एका जिप्सी बाईंच्या विरुद्ध दहा विरुद्ध सात असा निकाल लागला. मात्र जिप्सींची जीवनपद्धती सुकर करण्याची सरकारवर सकारात्मक जबाबदारी आहे, असेही न्यायालयाने त्याच निकालात म्हटले. २००४च्या कॉनर्स खटल्यात कुटुंब जिंकले. लीड्सच्या सरकारी साइटवरून त्यांना कारण सिद्ध न करता काढले होते. सरकारी घरातल्या भाडेकरूला असे काढता येत नाही, मग साइटवरच्या भाडेकरूला का, हा प्रश्न होता. त्या निकालाला अनुसरून कायदा बदलायला इंग्लंडने २०११ उजाडू दिले.

त्याच २०११ सालच्या ऑक्टोबरमध्ये डेल फार्म घडले. एसेक्समधल्या बॅझिल्डनजवळ भंगाराच्या जुन्या आवारात आयरिश ट्रॅव्हलर कुटुंबांनी जमीन घेतली होती. अर्ध्या भागाला परवानगी होती, उरलेल्या अर्ध्याला नव्हती. दहा वर्षे कज्जे चालले. शेवटी १९ ऑक्टोबरला पहाटे दंगलविरोधी पोलीस मागच्या बाजूने भिंत फोडून आत शिरले आणि ऐंशीच्या आसपास कुटुंबांना बाहेर काढले. कौन्सिल आणि पोलीस यांचा मिळून सुमारे सत्तर लाख पौंड खर्च झाला. आणि ती माणसे गेली कुठे? बरीचशी शेजारच्या कायदेशीर साइटच्या रस्त्यावर गाड्या लावून वर्षानुवर्षे राहिली. पाणी नाही, संडास नाही. सत्तर लाख पौंड खर्चून त्या कौन्सिलने कुटुंबांना काही शे फूट बाजूला सरकवले. एवढ्या पैशात दोन उत्तम साइट सहज उभ्या राहिल्या असत्या, हे मी साइटचे अंदाजपत्रक बनवलेला माणूस म्हणून सांगतो.

मधल्या काळात थोडे सुधारले होते. २००४च्या गृहनिर्माण कायद्याने कौन्सिलांना या समाजाच्या निवाऱ्याची गरज मोजणे बंधनकारक केले. सल्लागार नेमले जात, ते गाडीगाडीला जाऊन विचारत: घरात लग्नाची मुले किती, एका पिचवर दोन कुटुंबे दाटीने राहतात का, पाच वर्षांत किती पिच लागतील. आकडे येत, अहवाल छापले जात. पण गरज मोजणे बंधनकारक होते, भागवणे नव्हते. आमच्या कपाटात असे अहवाल होते. त्यातल्या आकड्यांपुढे बांधलेल्या पिचांची संख्या लाजिरवाणी होती. २०१६ साली ते मोजण्याचे खास कलमही रद्द झाले.

त्याआधी, २०१५ साली, सरकारने आणखी एक गोष्ट केली. नगररचनेच्या धोरणात ट्रॅव्हलर कोण याची व्याख्या बदलली. ज्यांनी फिरणे कायमचे थांबवले त्यांना त्या व्याख्येतून वगळले. फिरणे कोण थांबवते? म्हातारी माणसे, आजारी, अपंग, अपंग मुलाची आई. म्हणजे ज्यांना साइटची सर्वांत जास्त गरज होती तेच बाहेर गेले. २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अपील न्यायालयाने हे भेदभावाचे आहे असा निकाल दिला आणि पुढच्या वर्षी व्याख्या पूर्ववत झाली. आठ वर्षे मात्र गेली. त्या आठ वर्षांत ज्यांचे अर्ज फेटाळले गेले त्यांची भरपाई कोण करणार?

त्याच २०२२ साली पोलीस, गुन्हे, शिक्षा आणि न्यायालये यांचा नवा कायदा आला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या जमिनीवर गाडीसह राहणे, नुकसान किंवा त्रास केल्याचा, अगदी होण्याच्या शक्यतेचाही, ठपका येणे आणि सांगूनही न निघणे हा आता फौजदारी गुन्हा आहे. तीन महिन्यांपर्यंत कैद, अडीच हजार पौंडांपर्यंत दंड आणि गाडीची जप्ती. ज्या कुटुंबाचे घरच गाडी आहे त्याची गाडी जप्त करणे म्हणजे काय हे मी वेगळे सांगायला नको. एकदा उठवल्यावर त्या जागी न परतण्याची मुदत पूर्वी तीन महिन्यांची होती, ती बारा केली. मे २०२४मध्ये उच्च न्यायालयाने ही मुदतवाढ मानवाधिकारांशी विसंगत ठरवली. कारण सरळ होते: कायदेशीर थांबे पुरेसे नसताना जुन्या जागी वर्षभर बंदी घालणे म्हणजे या समाजाची जगण्याची रीतच मोडणे.

शेजाऱ्यांची बाजू मी टाळणार नाही. आठवड्याभरात मैदानावर गाड्या आल्या, मुलांचा फुटबॉल बंद पडला, मागे कचऱ्याचा ढीग राहिला. असे फोन मी घेतले आहेत आणि फोन करणाऱ्याचा राग खोटा नसतो. झाडे तोडण्याच्या, अंगणे फरसबंद करण्याच्या कामांतला राडारोडा टाकून जाणारे लोक या समाजात आहेत, जसे ते इतरांतही आहेत. त्यांना दंड झाला पाहिजे. पण कचरापेटी नाही, संडास नाही, नळ नाही अशा जागी वीस माणसे आठवडाभर राहिली तर काय होईल? पंढरीच्या वारीत पालखीतळावर टँकर आणि शौचालयांची सोय होते. ती केली नाही तर गावकरीही चिडतील आणि वारकरीही आजारी पडतील.

लीड्सने हे ओळखले. तिथल्या लीड्स गेट या जिप्सी आणि ट्रॅव्हलरांच्याच संस्थेने कौन्सिलला एक मार्ग सुचवला, त्याला तिथे ‘ठरवून थांबणे’ म्हणतात. रस्त्याकडेला कुटुंब आले की बेलिफ पाठवायचा नाही, बोलायला माणूस पाठवायचा. रिकामा असलेला एखादा सरकारी तुकडा दाखवायचा, मुदत ठरवायची, संडास आणि कचऱ्याचा डबा कौन्सिलने द्यायचा. कुटुंबाने किती गाड्या येतील, कचरा कुठे टाकायचा, आवाज कधी बंद करायचा याच्या अटी मान्य करायच्या. मग ते ठरलेल्या दिवशी आपण होऊन जातात. न्यायालयाची फी, बेलिफांचा खर्च, मागची सफाई या सगळ्यात लीड्सचा मोठा पैसा वाचला. या कामात सगळ्यांत महत्त्वाचा असतो तो कौन्सिलचा संपर्क अधिकारी. ज्याला कुटुंबे नावाने ओळखतात, ज्याचा फोन लागतो आणि दिलेला शब्द जो पाळतो असा. खर्चकपातीच्या वर्षांत अनेक कौन्सिलांनी पहिल्यांदा हेच पद रद्द केले. माझ्या माहितीतली ती सर्वांत महाग काटकसर.

वेल्सने आणखी पुढचे पाऊल टाकले. २०१४च्या वेल्सच्या गृहनिर्माण कायद्याने गरज मोजणे आणि मोजलेली गरज भागवणे, दोन्ही कौन्सिलांचे कर्तव्य केले. अंमलबजावणी मंद आहे, पण कुटुंबाला दाद मागायला कायद्याचे कलम आहे. सीमेपलीकडे इंग्लंडात ते नाही. मग प्रश्न जमिनीचा आहे असे कुणी म्हणू नये. अनधिकृत जागी राहणाऱ्या सगळ्या कुटुंबांना सामावायला साऱ्या इंग्लंडमध्ये मिळून एक चौरस मैलापेक्षाही कमी जमीन पुरेल, असे ब्रिटनच्या समानता आयोगाने सांगितले होते. इंग्लंडचे क्षेत्रफळ पन्नास हजार चौरस मैल आहे.

आपला या गोष्टीशी संबंध काय, असे कुणाच्या मनात आले असेल. फिरस्ता माणूस जन्मतः संशयित हा विचार इंग्रजांनी इथेही आणला. १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा त्यांचाच. १९११ साली तो मुंबई इलाख्याला लागू करण्याची तरतूद झाली आणि सोलापूरच्या वसाहतीत तारेच्या कुंपणाआड हजारो माणसे पिढ्यान्‌पिढ्या हजेरी देत राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा गेला. माणसे विमुक्त झाली, पण त्यांना थांबायला जागा मिळाली नाही. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००८ साली हेच केंद्र सरकारला सांगितले. यशवंतराव चव्हाणांच्या नावाची मुक्त वसाहत योजना चांगली आहे, पण ती स्थायिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे, आणि तिच्यासाठीही गावाजवळ जमीन काढून देण्यात अडथळे येतात. ज्यांचा धंदाच ऋतूबरोबर फिरण्याचा आहे, मेंढपाळ, ऊसतोडीला निघालेले, खेळ करणारे, त्यांच्या मुक्कामासाठी पाणी, संडास आणि दिवा असलेला तळ राखून ठेवणे हे आपल्या ग्रामपंचायतींचे काम असले पाहिजे. गायरानाचा एक कोपरा त्याला पुरतो. इंग्लंडचा धडा एवढाच आहे की हे मर्जीवर सोडले तर होत नाही, कायद्यात लिहिले तर होते.

शेवटची विनंती ज्यांची मुले-नातवंडे ब्रिटनमध्ये आहेत त्यांना. या सभागृहात असे पुष्कळ जण असतील. तिथली मराठी माणसे आता घरमालक आहेत, कौन्सिलला मत देतात, काही जण स्वतः कौन्सिलर आहेत. कधीतरी त्यांच्या दारात एक छापील कागद पडेल: तुमच्या भागात ट्रॅव्हलर साइट होणार, घरांच्या किमती पडतील, या हरकतपत्रावर सही करा. गल्लीतले बहुतेक जण सही करतील. तुमच्या मुलांना सांगा, सही करण्याआधी कौन्सिलमधून आराखडा मागवून वाचा, किती पिच आहेत ते पाहा, तिथे येऊ घातलेल्या कुटुंबांशी बोला. आणि योजना बरी वाटली तर मुदतीच्या आत पाठिंब्याचे पत्र लिहा. नगररचना समितीपुढे हरकतींची शेकडो पत्रे येतात. पाठिंब्याची चार-पाच आली तरी समितीला त्यांची नोंद घ्यावी लागते.